मुके साक्षीदार

मुलांनो,

सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, ‘बाई, मला गुन्हा घडलेल्या जागी जाऊन पुरावे शोधायचं काम करायचंय, टीव्हीवरच्या मालिकेत दाखवतात तसं. आई म्हणते, हे मुलींचं काम नाही. बाबा म्हणतात, आधी गणितात पास हो. मी काय करू?’

आईबाबांकडे आपण शेवटी वळू. आधी एक गोष्ट सांगते. ती माझ्याच वर्गात घडली आणि तिच्यातली चूकही माझीच आहे.

संक्रांत नुकतीच झाली होती. चौथीच्या सहलीसाठी बारा मुलांनी आणलेल्या पन्नास-पन्नास रुपयांच्या बारा नोटा मी खाकी पाकिटात घालून टेबलाच्या खणात ठेवल्या. त्याच खणात कुणीतरी दिलेली तिळगुळाची पुडीही होती. शनिवारी सकाळची शाळा सुटली. सोमवारी आल्यावर नेहमीप्रमाणे आधी वर्ग झाडून घेतला, मग खण उघडला. पाकीट नाही!

आमच्या वर्गातला एक मुलगा दर शनिवारी सगळ्यात शेवटी थांबायचा. खिडक्या लावायचा, कुलूप घालायचा, किल्ली मला आणून द्यायचा. मी सगळ्या वर्गासमोर त्याला विचारलं, ‘शनिवारी शेवटी तूच होतास ना रे?’ त्याने मान खाली घातली आणि गप्प राहिला. मी मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं!

मंगळवारी तो शाळेत आला नाही. बुधवारीही नाही.

बुधवारी दुपारी खडूंची पेटी ठेवायला एक मुलगी टेबलापाशी गेली आणि म्हणाली, ‘बाई, खणाच्या कोपऱ्यात हे काळं काळं काय आहे?’ बघितलं तर उंदराच्या लेंड्या. तिळगुळाची पुडी कुरतडलेली. खणाच्या मागच्या फटीत खाकी कागदाचा करवतीसारख्या कडेचा कपटा अडकलेला. आम्ही सगळ्यांनी मिळून भिंतीजवळचं कपाट सरकवलं. मागे कागदाच्या कपट्यांचं मऊ घरटं होतं आणि त्यात आमच्या बारा नोटा! पाच नोटांच्या कडा कुरतडलेल्या होत्या. त्या पुढे बँकेने बदलून दिल्या.

संध्याकाळी मी त्या मुलाच्या घरी गेले आणि त्याच्या आईसमोर त्याची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी वर्गासमोरही सांगितलं, ‘बाई चुकल्या.’ त्याने मान हलवली. पण शनिवार आला आणि मी खिडक्या लावायला सांगितल्या, तेव्हा तो हळूच म्हणाला, ‘दुसऱ्या कुणाला सांगा ना, बाई.’

नोटा बदलून मिळाल्या. ते ‘दुसऱ्या कुणाला सांगा’ काही मला बदलून मिळालं नाही.

माझ्या किती चुका झाल्या ते मोजा हं. एक, काही बघायच्या आधीच मी वर्ग झाडून घेतला. खाली पडलेले खाकी कपटे त्या कचऱ्याबरोबर गेले. दोन, चोर कोण ते आधी ठरवलं आणि शोध नंतर घेतला. तीन, मुलाचं गप्प राहणं हाच पुरावा धरला. अरे, नऊ वर्षांचा मुलगा चाळीस जणांसमोर गप्प नाही राहणार तर काय करणार?

आपल्याकडे म्हण आहे ना, चोर सोडून संन्याशाला सुळी. ही सुळी चुकवण्यासाठी जे विज्ञान राबतं, त्याचं नाव न्यायसहायक विज्ञान. इंग्रजीत फॉरेन्सिक सायन्स. फॉरेन्सिक हा शब्द लॅटिनमधल्या ‘फोरम’वरून आला. फोरम म्हणजे जुन्या रोममधला चौक. तिथे लोक जमायचे, न्यायनिवाडे व्हायचे. आपल्याकडच्या गावच्या चावडीसारखंच म्हणा! चावडीवर माणसं साक्ष द्यायची. या विज्ञानात साक्ष देतात ठसे, धागे, धूळ, रक्ताचे डाग, केस. हे साक्षीदार मुके असतात. त्यांची भाषा शिकावी लागते, पण ते कुणाला घाबरत नाहीत आणि कुणाच्या ओळखीचेही नसतात.

शंख, चक्र आणि कोलकाता

तुमच्या आजीने कधी तुमची बोटं उलटी करून पाहिली असतील आणि ‘याच्या बोटांवर इतकी चक्रं आहेत हो’ असं म्हटलं असेल. ती चक्रं म्हणजेच बोटांचे ठसे. आईच्या पोटात असतानाच या रेषा तयार होतात आणि जन्मभर तशाच राहतात. एकसारखी दिसणारी जुळी भावंडं घ्या. शाळेत आम्ही बाईसुद्धा त्यांना हाक मारताना चुकतो, पण त्यांचे ठसे मात्र वेगळे असतात.

या ठशांच्या कामाची सुरुवात कुठे झाली, माहीत आहे? आपल्या देशात! १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता. राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराशी त्याने रस्त्याच्या खडीचा करार केला. पुढे हा करार नाकारू नये म्हणून त्याने सहीबरोबर कोनाईच्या पंज्याचा ठसाही कागदावर उमटवून घेतला. पुढे बरीच वर्षं तो ठसे जमवत राहिला आणि माणसाचं वय वाढलं तरी ठसा बदलत नाही हे त्याच्या लक्षात आलं.

पण नुसते ठसे जमवून काय होणार? हजारो कागदांच्या ढिगातून हवा तो ठसा शोधायचा कसा? तुमच्या शाळेच्या वाचनालयात पुस्तकं कशीही कोंबली तर हवं ते पुस्तक सापडेल का? तसंच ते. हा प्रश्न सोडवला अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांनी. बंगाल पोलिसांत एडवर्ड हेन्री या अधिकाऱ्याच्या हाताखाली ते काम करत होते. अझीझुल हक गणितात हुशार. दहा बोटांवरच्या नक्षीवरून आकडे काढायचे आणि त्या आकड्यांवरून १०२४ कप्प्यांपैकी नेमक्या कप्प्यात कागद ठेवायचा, अशी रीत त्यांनी बसवली. ठसा आला की आकडे काढा आणि नेमका कप्पा उघडा! १८९७ साली कोलकात्यात जगातलं पहिलं अंगुलीमुद्रा केंद्र सुरू झालं. लंडनच्या स्कॉटलंड यार्डात असं केंद्र आलं ते १९०१ साली. त्या पद्धतीला मात्र नाव पडलं हेन्री पद्धत. तुम्ही हक आणि बोस ही दोन नावं वहीत लिहून ठेवा.

बाबा म्हणतात ना, गणितात पास हो? ते का म्हणतात, कळलं?

आता १८९८ सालची एक खटल्याची गोष्ट. बंगालच्या जलपाईगुडी भागात चहाच्या मळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला आणि पैसेही चोरीला गेले. त्याच्या कागदपत्रांत एक बंगाली पंचांग सापडलं. त्यावर अंगठ्याचा एक डाग होता. कोलकात्याच्या केंद्रात तो ठसा जुळला कांगाली चरण नावाच्या जुन्या नोकराशी. आधीच्या एका चोरीमुळे त्याचे ठसे केंद्रात होते. आता तुम्ही म्हणाल, सापडला खुनी! पण न्यायालयाने काय केलं? चोरीबद्दल त्याला शिक्षा दिली, खुनाबद्दल मात्र दिली नाही. का? त्या अंगठ्याने एवढंच सिद्ध केलं होतं, की या माणसाने पंचांगाला हात लावला. खून करताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं आणि ठसाही तेवढं सांगत नव्हता.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पुरावा जेवढं बोलतो तेवढंच ऐकायचं. आपल्या मनातलं त्याच्या तोंडी घालायचं नाही. ‘तू शेवटी होतास’ याचा अर्थ ‘तू घेतलंस’ असा होत नाही.

हळदीचा हात

घरी मसाल्याच्या डब्याला हात लावून तुम्ही पाण्याचा तांब्या उचललात, तर आई लगेच ओळखते. तांब्यावर हळद आणि तुमच्या बोटांवरही हळद! फ्रान्समधल्या लिओं शहरात एडमंड लोकार्ड नावाचे डॉक्टर होते. १९१० साली पोलिसांनी त्यांना न्यायालयाच्या इमारतीत माळ्यावरच्या दोन खोल्या दिल्या. तिथे त्यांनी प्रयोगशाळा थाटली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की दोन वस्तू एकमेकींना लागल्या की दोघी एकमेकींचं काहीतरी घेतात आणि देतात. माणूस खोलीत शिरला की पायाची माती तिथे सोडतो आणि तिथली धूळ घेऊन जातो.

एकदा खोटी नाणी पाडणारी टोळी पकडायची होती. संशयित माणसं कबूल होईनात. लोकार्डनी त्यांचे कपडे मागवले, झटकून त्यातली धूळ गोळा केली आणि तपासली. खोट्या नाण्यांत जे धातू होते, त्यांचेच बारीक कण त्या धुळीत निघाले! मग कसलं नाकारणं?

गुन्ह्याच्या जागी

मालिकेत काय होतं? साहेब येतात, इकडे तिकडे बघतात, एक केस उचलतात आणि पाऊण तासात गुन्हेगार पकडतात. खरं काम तसं नसतं, बरं का.

खऱ्या कामात पहिली गोष्ट म्हणजे, कशालाही हात लावायचा नाही. जागेभोवती दोरी किंवा पट्टी लावून लोकांना लांब ठेवतात. (माझा झाडू आठवा!) मग फोटो. आधी सगळ्या खोलीचा, मग जवळून, मग अगदी जवळून. जवळच्या फोटोत वस्तूशेजारी पट्टी ठेवतात, म्हणजे तिचा आकार कळतो. त्यानंतर कागदावर नकाशा काढायचा. दारापासून खिडकी किती अंतरावर, वस्तू भिंतीपासून किती लांब, सगळं मोजून. भूगोलाच्या तासाला वर्गाचा आराखडा काढताना तुम्ही कुरकुरता ना? इथे तो न्यायालयात जातो.

मग शोध. मोठं मैदान असेल तर चौकोन पाडून एकेक चौकोन तपासतात. छोट्या जागेत बाहेरून आत गोल गोल फिरत येतात. एक मिलिमीटरचा धागासुद्धा सुटू द्यायचा नाही. ओल्या मातीत पावलाचा ठसा असेल तर त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून साचा काढतात. काचेवरचा बोटाचा ठसा दिसत नसेल तर मऊ ब्रशने बारीक पूड फिरवतात. ठसा उमटला की चिकटपट्टीवर उचलून घेतात.

रक्त लागलेला ओला कपडा असेल तर तो आधी सावलीत वाळवतात आणि मग कागदी पाकिटात घालतात, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. ओली छत्री प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून विसरलात तर काय होतं? बुरशी येते, कुबट वास येतो. रक्ताचंही तसंच. बुरशीने पुरावा खाल्ला तर प्रयोगशाळेत काय तपासणार?

हे सगळं पंचांसमोर होतं आणि त्याचा पंचनामा लिहितात. प्रत्येक वस्तू वेगळ्या पाकिटात, त्यावर क्रमांक, तारीख, वेळ, सह्या आणि मोहोर. या वस्तूंना पोलिसांच्या भाषेत मुद्देमाल म्हणतात. तो कुणी कुणाच्या हातात दिला, कधी दिला, याची नोंद शेवटपर्यंत ठेवावी लागते. मधली एक नोंद जरी हरवली, एखादी मोहोर फुटलेली निघाली, तरी वकील विचारतात, ‘पाकिटात आधी हेच होतं कशावरून?’ वर्षभराची मेहनत अशा एका प्रश्नावर वाया जाऊ शकते. शुद्धलेखन आणि टापटीप यांसाठी आम्ही बाई तुमच्या मागे का लागतो, ते आतातरी पटेल का?

प्रयोगशाळेत

आपल्या राज्याची मुख्य न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा मुंबईत कलिना इथे आहे. नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर इथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. पोलीस ठाण्यात अजूनही ‘सीए रिपोर्ट आला का?’ असं विचारतात. सीए म्हणजे केमिकल अनालायझर, रासायनिक विश्लेषक. ब्रिटिश काळातलं हे नाव लोकांच्या तोंडी राहिलंय.

तिथे वेगवेगळे विभाग असतात. विषशास्त्र विभागात माणसाच्या पोटात विष गेलं होतं का, कोणतं गेलं, ते शोधतात. जीवशास्त्र विभागात डाग रक्ताचा आहे का, माणसाचा की जनावराचा, हे बघतात. लाल डाग विड्याचाही असू शकतो ना! भौतिकशास्त्र विभागात काचा, रंग, माती तपासतात. बंदुकीच्या गोळ्यांचा वेगळा विभाग असतो. दारूच्या नमुन्यांचा वेगळा. मोबाइल आणि संगणकातून पुसून टाकलेली माहिती शोधणारा सायबर विभाग आता फार महत्त्वाचा झालाय. अक्षर ओळखणारे तज्ज्ञही असतात. तुमच्या वहीवर नाव नसलं तरी ती कुणाची आहे हे मी सांगते की नाही? ते लोक हेच काम भिंग आणि यंत्रं घेऊन करतात.

आणि डीएनए! आपल्या शरीरातल्या पेशींत लिहिलेली आपली ओळख. १९८४ साली इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांना डीएनएवरून माणूस ओळखायची युक्ती सापडली. तिचा पहिला उपयोग चोर पकडायला झाला नाही. १९८५ साली घानाहून इंग्लंडला परतलेल्या एका मुलाला अधिकारी आत घेईनात. हा त्या बाईचा मुलगाच नाही, असं ते म्हणत होते. जेफ्रीजनी तपासणी करून दाखवून दिलं, की तो तिचाच मुलगा आहे. आईला मूल मिळालं!

त्यानंतर लेस्टरजवळच झालेल्या दोन खुनांच्या तपासात पोलिसांनी १७ वर्षांच्या एका मुलाला पकडलं. त्याने एका खुनाची कबुलीसुद्धा दिली होती. पण डीएनए काही त्याच्याशी जुळेना. कबुली दिलेली असूनही तो निर्दोष होता आणि सुटला. खरा गुन्हेगार नंतर सापडला. त्याला १९८८ साली शिक्षा झाली. बघा, माणूस घाबरून काहीही बोलतो किंवा माझ्या विद्यार्थ्यासारखा काहीच बोलत नाही. म्हणून बोलणं आणि गप्प राहणं यांच्यापलीकडे जाऊन बघावं लागतं.

आपल्या देशात हे तंत्र आणलं डॉ. लालजी सिंग यांनी. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातल्या कलवारी या खेड्यातला हा मुलगा पुढे हैदराबादच्या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र केंद्रात मोठा शास्त्रज्ञ झाला. भारतातल्या डीएनए ठशांचे जनक असंच त्यांना म्हणतात.

इथवर जायचं कसं?

आता कागद-पेन्सिल घ्या.

दहावीपर्यंत गणित आणि विज्ञान पक्कं करा, भाषाही. अकरावी-बारावी विज्ञान शाखा. त्यानंतर बीएस्सी. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, यातलं काहीही चालतं. थेट न्यायसहायक विज्ञानातही पदवी घेता येते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे त्यासाठी शासकीय संस्था आहेत. गुजरातमधल्या गांधीनगरला २०२० सालच्या कायद्याने राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ झालंय आणि त्याची एक शाखा आपल्या शेजारी गोव्यातही आहे. पदवीनंतर एमएस्सी केलं तर उत्तम.

सरकारी प्रयोगशाळेत वैज्ञानिक सहायक, सहायक रासायनिक विश्लेषक अशा जागा निघतात. काही जागा महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरतात. प्रत्येक जागेची पात्रता जाहिरातीत छापलेली असते. ती स्वतः वाचायची सवय आतापासून लावा. शेजारचे काका काय म्हणाले यावर विसंबू नका.

दुसरी वाट पोलिसांची. गुन्ह्याचा सगळा तपास चालवतो तो पोलीस अधिकारी, शास्त्रज्ञ त्याला मदत करतात. ज्याला धावपळ, माणसांशी बोलणं, सगळे धागे जुळवणं आवडतं, त्याने स्पर्धा परीक्षा देऊन पोलीस उपनिरीक्षक व्हावं. बोटांच्या ठशांचे तज्ज्ञही पोलीस खात्यात असतात. तिसरी वाट डॉक्टरांची. एमबीबीएस करून न्यायवैद्यकशास्त्रात एमडी करायचं. मृत्यू कशाने झाला हे सांगणारे डॉक्टर ते हेच. चौथी वाट संगणकाची, सायबर तपासाची.

ज्यांना वाटतं शास्त्रज्ञाला खोलीबाहेर पडावं लागत नाही, त्यांच्यासाठी आणखी एक. या शास्त्रज्ञाला न्यायालयात जाऊन साक्ष द्यावी लागते. वकील उलटतपासणी घेतात, खोचक प्रश्न विचारतात. तेव्हा शांतपणे, सोप्या शब्दांत सांगता यायला हवं. आणि जे सांगता येत नाही, तिथे ‘हे या तपासणीवरून सांगता येणार नाही’ असं म्हणायचं धाडस हवं. वर्गात ‘बाई, मला हे नाही समजलं’ म्हणायला जो लाजत नाही, त्याला हे जमेल.

काम सोपं नाही, हेही सांगून टाकते. दुर्गंधी असते, रात्री-अपरात्री जावं लागतं. दुसऱ्याचं दुःख जवळून बघावं लागतं. तेच तेच काम शंभर वेळा काळजीपूर्वक करावं लागतं आणि वर्तमानपत्रात नाव येतं ते दुसऱ्याचंच!

आता आईबाबांशी दोन शब्द

मुलींचं काम नाही, असं कुणी म्हटलं तर डॉ. रुक्मणी कृष्णमूर्तींचं नाव सांगा. १९७४ साली त्या मुंबईच्या प्रयोगशाळेत रुजू झाल्या आणि पुढे राज्याच्या या प्रयोगशाळांच्या संचालक झाल्या. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या तपासातही त्यांचा सहभाग होता. आज प्रयोगशाळांत कितीतरी मुली काम करतात.

मागणीचं म्हणाल तर १ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले. ज्या गुन्ह्यांना सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षा आहे, तिथे न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आणि त्याचं चित्रीकरण करायचं, असं त्यात आहे. राज्यांना ही व्यवस्था उभी करायला पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. म्हणजे आज सातवीत असलेली मुलं पदवी घेतील तेव्हा अशी माणसं आजच्यापेक्षा जास्त लागतील.

पण सावधही राहा. ‘फॉरेन्सिक’ नाव लावून भरमसाट शुल्क घेणारे अभ्यासक्रमही असतात. विद्यापीठाची मान्यता आहे का, प्रयोगशाळा खरंच आहे का, स्वतः जाऊन बघा. आणि पाया रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा संगणक यांचा पक्का असू द्या. म्हणजे इथे जागा मिळाली नाही तरी औषध कंपन्या, अन्नतपासणी, सायबर सुरक्षा अशी दुसरी दारं उघडी राहतात.

या आठवड्याचा उद्योग

पेन्सिलने कागदावर गडद चौकोन रंगवा. त्यावर बोट घासा. त्या बोटावर पारदर्शक चिकटपट्टी हलकेच दाबा आणि काढून पांढऱ्या कागदावर चिकटवा. झाला ठसा तयार! घरातल्या सगळ्यांच्या दहाही बोटांचे ठसे घ्या. आजीआजोबांना विसरू नका. मग भिंगातून बघा. रेषा एका बाजूने येऊन वळून त्याच बाजूला गेल्या तर तो फास, आजीच्या भाषेत शंख. गोल गोल फिरल्या तर चक्र. एका बाजूने येऊन टेकडीसारख्या उंचावून दुसऱ्या बाजूला गेल्या तर कमान. सगळीकडचे ठसे मोजले तर साधारण शंभरात ६० ते ६५ फास, ३० ते ३५ चक्रं आणि कमानी जेमतेम पाच निघतात. तुमच्या घरात किती निघतात ते तक्ता करून मला कळवा.

एक अट मात्र आहे. हे शिकून कुणी वर्गात हवालदार व्हायचं नाही. मित्राचं रबर हरवलं की लगेच कुणाकडे बोट दाखवायचं नाही. आणि खरोखर काही वाईट घडलेलं दिसलं तर तिथे हात न लावता मोठ्या माणसांना सांगायचं.

तर सातवीतल्या माझ्या मैत्रिणी, तू काय कर? गणिताचं पुस्तक उघड. अझीझुल हकांनी तिथूनच सुरुवात केली होती. रोज पाच मिनिटं एखादी वस्तू नुसती बघ आणि जे दिसलं तेवढंच वहीत लिही, जे वाटलं ते नको. हे जमायला लागलं, की समज तुझं शिक्षण सुरू झालं.

आणि तो खिडक्या लावणारा मुलगा? पुढे पावसाळ्यात एकदा अचानक वाऱ्यासह पाऊस आला. वह्या भिजायला लागल्या. मी काही म्हणायच्या आत तो उठला आणि त्याने पटापट सगळ्या खिडक्या लावल्या. मी काही बोलले नाही. फक्त मनात म्हटलं, पुढच्या वेळी कुणाचंही नाव घ्यायच्या आधी मी कपाट सरकवून बघेन.

पुढच्या आठवड्यात भेटूच.

तुमच्या,
बाई